बारा मिलिग्रॅम आणि सात हजार लिटर : मे २०२१ मधील एका ग्रामीण रुग्णालयाचे प्रकरण

हे प्रकरण कोविडच्या दुसऱ्या लाटेतील, उत्तर गोव्याच्या खाणपट्ट्यातील एका लहान धर्मादाय रुग्णालयाचे आहे. रुग्णालय, गाव आणि माणसे ओळखू येणार नाहीत अशा बेताने तपशील ठेवले आहेत. मी त्या वेळी रुग्णालयाच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य होतो, डॉक्टर नव्हतो. त्यामुळे वैद्यकीय निर्णय माझे नव्हते, परंतु पैसा कशावर खर्च करायचा याच्या मतदानात माझा हात वर गेला होता आणि त्या मताची जबाबदारी मी आजही माझी मानतो. लहान रुग्णालयांच्या विश्वस्तांना हे वाचून काही उपयोग व्हावा, एवढ्यासाठी ते लिहिले आहे.

पार्श्वभूमी

रुग्णालय २२ खाटांचे. एक पूर्णवेळ वैद्यकीय अधिकारी, ज्यांना सारे गाव डॉक्टरबाई म्हणते, आठ परिचारिका, तीन वॉर्डबॉय आणि आठवड्यातून दोनदा येणारे फिजिशियन, असा कारभार. बाळंतपणे, सर्पदंश, पावसाळ्यातील ताप आणि वयस्कांचा दमा हे नेहमीचे काम. सीमेपलीकडून, दोडामार्गच्या बाजूनेही रुग्ण येतात, कारण त्यांना सिंधुदुर्गातील मोठ्या रुग्णालयापेक्षा गोवा जवळ पडतो.

पहिल्या लाटेने आम्हांला एक चुकीची सवय लावली. गोव्यात पहिले तीन रुग्ण २५ मार्च २०२० रोजी सापडले आणि एप्रिलमध्ये काही दिवस राज्यात एकही उपचाराधीन रुग्ण उरला नव्हता. पुढे वास्कोच्या मांगोर हिलपासून संसर्ग पसरला तेव्हाही गंभीर रुग्ण मडगावला किंवा बांबोळीला जात राहिले. आमच्यासारख्या रुग्णालयाचे काम ओळखणे आणि पुढे पाठवणे एवढेच, असे समितीने मनाशी धरले होते. एप्रिल २०२१ च्या अखेरीस पुढे पाठवायला जागाच उरली नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात राज्यात चाचणी झालेल्या दर दोन माणसांपैकी जवळपास एक बाधित निघत होता, आणि ९ मेपासून राज्यभर संचारबंदी लागू झाली. आम्ही १४ खाटा कोविडसाठी वेगळ्या काढल्या.

१० मे रोजी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केले की १८ वर्षांवरील प्रत्येकाला, तो बाधित असो वा नसो, प्रतिबंधक उपाय म्हणून आयव्हरमेक्टिन या जंतांवरील औषधाची १२ मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस दिली जाईल. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी वैद्यकीय चाचण्यांबाहेर कोविडसाठी हे औषध वापरू नये, ही संघटनेची भूमिका जाहीरपणे पुन्हा मांडली. त्याच ११ मेला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटेच्या वेळी २६ रुग्ण दगावल्याची बातमी आली. पहाटे दोन ते सहा हा काळ लोकांच्या तोंडी झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढील सुनावणीत असे पुढे आले की सिलिंडरांची ट्रॉली आणून मॅनिफोल्डला, म्हणजे अनेक सिलिंडरांचा ऑक्सिजन एकत्र करून वॉर्डातल्या नळ्यांत सोडणाऱ्या जोडणीला, जोडताना अडथळे येत होते आणि त्यामुळे नळ्यांमधील ऑक्सिजनचा दाब उतरत होता.

दोन दिवसांत या दोन बातम्या आल्या आणि गावाने पहिलीवर चर्चा केली. याचे कारण मला पुष्कळ नंतर उमगले. गोळीबद्दल प्रत्येकाला काहीतरी करता येत होते, ती घ्यायची की नाही हे ठरवता येत होते. मॅनिफोल्डबद्दल कोणालाच काही करता येण्यासारखे वाटत नव्हते.

प्रश्न

गावकऱ्यांनी, देवस्थानच्या महाजनांनी आणि आखातात नोकरीला असलेल्या मुलांनी मिळून रुग्णालयासाठी साडेचार लाख रुपये जमवले होते. त्या पैशांतून गावातील सुमारे चार हजार प्रौढांना गोळ्यांचे संच वाटावेत, सरकारी गोळ्या येईपर्यंत थांबू नये, अशी मागणी सरपंचांकडून आणि देणगीदारांपैकी बहुतेकांकडून आली.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी समितीतील काही सदस्यांपुढे एक कागद ठेवला. त्यावर आकडेमोड होती, आणि ती इथे पूर्ण देतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ऑक्सिजनवर नऊ रुग्ण होते : पाच जणांना मिनिटाला चार लिटर, तिघांना दहा लिटर, एकाला पंधरा लिटर. एकूण मिनिटाला ६५ लिटर, म्हणजे तासाला ३,९०० लिटर. जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर वायू मावतो. दिवसाला साडेतेरा सिलिंडर लागत होते आणि आमच्याकडे एकूण २० होते, त्यांतले निम्मे कायम भरायला गेलेले. मॅनिफोल्डच्या प्रत्येक बाजूला तीन सिलिंडर बसत. तीन सिलिंडरांचे २१ हजार लिटर ६५ लिटरच्या वेगाने साडेपाच तासांच्या आतच संपतात. रात्री आठला लावलेली बाजू दीड वाजण्याच्या आधी रिकामी होत असे.

मॅनिफोल्डला दोन बाजू असतात त्या याचसाठी, की एक संपली की दुसरी चालू व्हावी. आमच्या मॅनिफोल्डच्या उजव्या बाजूचा झडप गेल्या पावसाळ्यापासून गळत होता. त्यामुळे प्रत्यक्षात एकच बाजू वापरात होती, आणि सिलिंडर बदलताना चार ते सहा मिनिटे दाब खाली जात असे. एरवी दोन रुग्णांना कधीतरी ऑक्सिजन लागे, तेव्हा हे कोणाच्या लक्षातही येत नव्हते. आता ही अदलाबदल रात्री दीडला आणि पुन्हा पहाटे सातच्या सुमारास होत होती, आणि त्या वेळी सगळ्या वॉर्डात एक सिस्टर आणि एक पेंगुळलेला वॉर्डबॉय एवढेच जागे असत.

म्हणून समितीपुढचा खरा प्रश्न गोळी गुणकारी आहे की नाही हा नव्हता. साडेचार लाखांत काय सर्वांत आधी करायचे, आणि जे करायचे नाही ते लोकांना कसे सांगायचे, हा होता. यातला दुसरा भाग आम्ही विषयपत्रिकेत घेतलाच नाही.

पर्याय

बैठक १२ मेच्या संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत, अंतर राखून आणि मास्क लावून झाली. चार पर्याय चर्चेला आले.

पहिला गोळ्यांच्या संचांचा. त्याची बाजू गावातील ज्येष्ठ डॉक्टरांनी मांडली. ते चाळीस वर्षे इथे दवाखाना चालवतात आणि निम्म्या गावाची बाळपणे त्यांच्या हाताखाली गेली आहेत. त्यांचे म्हणणे उथळ नव्हते. हे औषध जंतांवर आणि परोपजीवी रोगांवर जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलेले आहे, त्याच्या शोधाला २०१५ चे नोबेल मिळाले आहे आणि या मात्रेत ते सहसा घातक नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याकडे आणखी एक मुद्दा होता, ज्याला उत्तर देणे खरोखर अवघड होते : दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २२ एप्रिल २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सौम्य रुग्णांसाठी आयव्हरमेक्टिनचा उल्लेख होताच. ‘‘बाय, दिल्लीच्या कागदावर आहे, राज्याचे मंत्री सांगतात, मग आपण लोकांना नाही कसे म्हणायचे?’’ असे त्यांनी विचारले.

डॉक्टरबाईंचे उत्तर शास्त्राच्या दृष्टीने नेमके होते. दिल्लीच्या सूचनेतील उल्लेख आजारी माणसासाठी होता, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम आणि तीन दिवस, आणि पुरावा कमी खात्रीचा आहे हे त्यातच लिहिले होते. निरोगी गावाला पाच दिवस गोळ्या देण्याला तो आधार पुरत नव्हता. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील ज्या प्रयोगावरून ही चर्चा सुरू झाली, तो काचपात्रातील पेशींवर झाला होता, आणि त्यातील मात्रा माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसने पोहोचू शकत नाही इतकी जास्त होती. हे औषध बनवणाऱ्या मर्क कंपनीनेही फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडवरील उपयोगाला शास्त्रीय आधार दिसत नाही असे निवेदन काढले होते. गर्भवतींना ते देऊ नये, आणि घरोघर वाटताना कोण गर्भवती आहे हे कोण पाहणार, हाही मुद्दा त्यांनी काढला.

मात्र डॉक्टरबाई तीन रात्री झोपलेल्या नव्हत्या. ज्येष्ठ डॉक्टरांनी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, वर माझ्या वॉर्डात माणसे श्वासासाठी धडपडत आहेत. या विषयावर वेळ घालवणे मला परवडत नाही.’’ वाक्य खरे होते. पण अग्रशाळेत बसलेल्या पस्तीस लोकांना ते असे ऐकू आले, की आमच्या भीतीवर बोलायला डॉक्टरबाईंना वेळ नाही. मी तिथे बसलो होतो आणि लोकांचे चेहरे बदललेले मी पाहिले. पुढे जे झाले त्यात या एका क्षणाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

दुसरा पर्याय विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरांचा. ते हवेतून ऑक्सिजन वेगळा करतात, भरायला पाठवावे लागत नाहीत. परंतु एक यंत्र मिनिटाला पाच, फार तर दहा लिटर देते, आणि त्या दिवसांत ते मिळणेही कठीण झाले होते. आखातातील मुलांनी चार यंत्रे आधीच पाठवून दिली होती, ती १४ मेला पोहोचणार होती. तिसरा पर्याय रुग्णालयात ऑक्सिजननिर्मितीचा छोटा प्रकल्प उभारण्याचा. कोणीतरी नंदुरबारचे उदाहरण दिले. ते रास्त होते, पण नंदुरबार जिल्ह्याने ते काम दुसऱ्या लाटेच्या आधीच हाती घेतले होते. आम्हांला त्याच आठवड्याचे उत्तर हवे होते, म्हणून हा पर्याय लगेच मागे पडला.

चौथा पर्याय दिसायला सर्वांत किरकोळ : मॅनिफोल्डची दुरुस्ती, आणखी दहा सिलिंडर, रात्रपाळीला केवळ ऑक्सिजन पाहणारा एक माणूस, आणि गावात फिरवण्यासाठी तीस ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारी यंत्रे. समितीत मतदान झाले. पाच विरुद्ध चार मतांनी चौथा पर्याय स्वीकारला गेला.

प्रत्यक्ष कृती

रात्रपाळीचा माणूस शोधताना एक अनपेक्षित योग जुळून आला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या आणि आमच्या भागातील शेकडो घरांचा रोजगार गेला. त्यांतला एक तरुण खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये गॅस कटिंग करत असे. सिलिंडर, रेग्युलेटर, दाबमापक, हे त्याच्या हातचे काम. पहिल्याच संध्याकाळी त्याने उजवा झडप उघडून पाहिला आणि ताडकन मागे सरला, कारण घट्ट बसलेला झडप फिरावा म्हणून कोणीतरी त्यावर तेल सोडले होते. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेल किंवा ग्रीसचा संबंध आला की आग लागू शकते. ही गोष्ट प्रत्येक वेल्डरला शिकवलेली असते, आमच्या रुग्णालयात मात्र ती कोणालाच माहीत नव्हती. पुरवठादाराचा तंत्रज्ञ १३ मेला आला, त्याने तो भाग काढून टाकला आणि नवा झडप बसवला. त्या रात्री पहिल्यांदा एक बाजू संपताच दुसरी चालू झाली आणि दाबमापकाचा काटा जागचा हलला नाही.

नव्या सिलिंडरांपैकी हाती सहाच आले. १३ तारखेलाच डॉक्टरबाईंनी एक नियम घालून दिला : रात्री आठ वाजता किमान १४ भरलेले सिलिंडर मोजून हजर असले पाहिजेत, आणि ती मोजणी सिस्टरने नव्हे तर समितीच्या एका सदस्याने सही करून नोंदवली पाहिजे. शनिवारी ही पाळी माझी होती.

ऑक्सिमीटर अंगणवाडी सेविका आणि युवक मंडळाच्या मुलांकडे दिले. ९४ पेक्षा खाली, किंवा सहा मिनिटे चालल्यावर तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरण, म्हणजे रुग्णालयात या, एवढीच सूचना होती. मात्र तीसपैकी दहा यंत्रे कपाटात पडून राहिली. वरच्या दोन वाड्यांवर ती घ्यायला कोणी तयार झाले नाही. तिथे ज्येष्ठ डॉक्टरांचा शब्द चालतो, आणि ‘‘रुग्णालयाने गोळ्या अडवल्या’’ ही बातमी तिथे आमच्या आधी पोहोचली होती.

गोळ्या न वाटण्याची कारणे साध्या मराठीत लिहून गावात लावावीत, असे मी १२ तारखेला सुचवले होते. ते काम कोणाकडेच सोपवले गेले नाही. मीही घेतले नाही.

वादळाची रात्र

१५ मेच्या रात्री तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. आठ वाजता मी मोजणी केली तेव्हा १६ सिलिंडर भरलेले होते. सिलिंडरांवर नऊ आणि नव्या कॉन्सन्ट्रेटरांवर चार, असे तेरा रुग्ण होते. पहाटे सव्वातीनला वीज गेली. दिवे इन्व्हर्टरवर आले, चारही कॉन्सन्ट्रेटर बंद पडले, आणि जनरेटर सुरू झाला नाही. त्याची बॅटरी उतरली होती. ऑक्सिजनचे एवढे हिशोब मांडणाऱ्या समितीने जनरेटर गेल्या चतुर्थीनंतर एकदाही चालवून पाहिला नव्हता.

चार रुग्ण सिलिंडरांवर घेतले आणि मागणी मिनिटाला ८५ लिटरवर गेली. बारा भरलेले सिलिंडर उरले होते, ते या वेगाने रविवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास संपले असते. सिलिंडरांची गाडी एरवी दुपारी तीनला परतते. पण रस्त्यावर झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले होते, फोन लागत नव्हते.

इथे डॉक्टरबाईंपुढे दोन मार्ग होते. चारांपैकी जे बरे दिसत होते त्या दोघांना रुग्णवाहिकेने, रस्ता मिळेल तसे, जिल्हा रुग्णालयाकडे काढायचे, किंवा सर्वांना इथेच ठेवून ऑक्सिजनचा वापर कमी करायचा. त्यांनी दुसरा निवडला. टॉर्च आणि ऑक्सिमीटर घेऊन त्या आणि सिस्टर प्रत्येक खाटेपाशी गेल्या. रुग्णाला पालथे किंवा कुशीवर झोपवायचे, दहा मिनिटे थांबायचे, आकडा पाहायचा आणि प्रवाह एकेक लिटरने उतरवायचा. लक्ष्य ९२ ते ९६. त्याआधी रात्रपाळीच्या सिस्टरांना पडद्यावर ९९ दिसले की हायसे वाटत असे, आणि ते साहजिकही होते. पण ९९ साठी लागणारे जास्तीचे लिटर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे असतात. सहा वाजेपर्यंत एकूण प्रवाह ६४ लिटरवर आला. कोणत्याही रुग्णाचा आकडा ९२ च्या खाली राहू दिला नव्हता. वेल्डर तरुण दर अर्ध्या तासाला दोन्ही बाजूंचा दाब पेन्सिलीने वहीत लिहीत होता, आणि ती वही पाहूनच केव्हा काय संपणार हे आम्हांला सकाळी सांगता आले.

गाडी रविवारी रात्री नऊला आली. तेव्हा एक पूर्ण आणि एक अर्ध्याहून थोडा अधिक भरलेला सिलिंडर शिल्लक होता. प्रवाह ८५ वरच राहिला असता, किंवा झडप जुनाच असता, तर काय झाले असते याचा हिशोब मी एकदा करून पाहिला आहे. पुन्हा करण्याची इच्छा नाही.

परिणाम

त्या रात्री ऑक्सिजनअभावी कोणी दगावले नाही. मेअखेरपर्यंत वॉर्डात ४१ रुग्ण दाखल झाले. त्यांतले पाच गेले, चार पुढे पाठवले, बाकीचे घरी परतले. एवढ्या लहान आकड्यावरून आमचे उपचार चांगले होते की वाईट, असा निष्कर्ष काढता येत नाही आणि मी तो काढत नाही.

पाचांपैकी एका मृत्यूबद्दल मात्र लिहिले पाहिजे. वरच्या वाड्यावरील ५२ वर्षांचे गृहस्थ, मधुमेही. मोबाइलवर फिरणाऱ्या एका औषधयादीवरून त्यांनी आयव्हरमेक्टिन, डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक आणि तिसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड घेतले. आठव्या दिवशी, १७ मेला आले तेव्हा ऑक्सिजन ७८ होता आणि साखर ४०० च्या वर. तीन दिवसांनी ते गेले. गोळीमुळे गेले असे कोणी म्हणू शकत नाही. स्टेरॉइड हे तर कोविडमध्ये जीव वाचवणारे औषध आहे : ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाल्याचे जून २०२० मध्येच दिसले होते. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याच चाचणीत फायदा दिसला नाही, आणि मधुमेह्याला ते लवकर दिले तर साखर भडकते. त्यांच्या पत्नीने डॉक्टरबाईंना सांगितले, ‘‘औषध चालू होते ना, म्हणून थांबलो.’’ घरी ऑक्सिमीटर नव्हता. आमच्या कपाटात दहा होते.

औषधाच्या वादाचे पुढे काय झाले हे थोडक्यात सांगतो. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या २७ मे २०२१ च्या सूचनांतून आयव्हरमेक्टिन वगळले गेले, आणि सप्टेंबरमध्ये आयसीएमआरनेही ते काढले. प्लाझ्मा उपचार, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातील द्रव रुग्णाला देणे, १७ मेलाच वगळला होता, जरी आयसीएमआरच्याच ३९ रुग्णालयांतील चाचणीने तो निरुपयोगी असल्याचे २०२० मध्ये दाखवले होते. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांच्या चाचणीत आयव्हरमेक्टिनने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. थोडक्यात, अग्रशाळेत डॉक्टरबाईंनी जे सांगितले ते टिकले. पण १२ मे २०२१ रोजी ज्येष्ठ डॉक्टरांच्या हातात जो सरकारी कागद होता, तोही खोटा नव्हता. त्या दिवशी त्यांना अडाणी ठरवण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पैशांचा निर्णय मी आजही तसाच घेईन. पाच विरुद्ध चार हे अंतर किती निसटते होते याची मला धास्ती वाटते, कारण मतदानाआधी आकडेमोडीचा कागद समितीतील नऊपैकी चारच जणांनी पाहिला होता. तो बैठकीत फळ्यावर मांडला असता, तीन सिलिंडर किती वाजता संपतात हे खडूने लिहून दाखवले असते, तर सरपंचही कदाचित आमच्या बाजूने आले असते. खाणीवर डंपरचे हिशोब ठेवलेले गाव आहे हे. त्यांना डिझेल किती तास पुरते ते कळते, ऑक्सिजनही कळला असता.

जनरेटरची चूक निव्वळ आमची. झडप गेले वर्षभर गळत होता, हीही आमची. दोन्ही गोष्टी साथीच्या आधी, शांत दिवसांत, फारसा खर्च न करता निस्तरता आल्या असत्या. कॉन्सन्ट्रेटर घेताना वीज गेल्यावर काय, हा प्रश्न मे महिन्यातल्या गोव्यात कोणीही विचारायला हवा होता. वळिवाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाते हे इथल्या लहान मुलालाही माहीत असते.

पालथे झोपवून प्रवाह उतरवण्याचे काम वादळाच्या रात्री नाइलाजाने झाले. ते १२ तारखेपासूनच दर पाळीला करायला हवे होते. डॉक्टरबाईंचे स्वतःचे मतही हेच आहे, आणि त्या म्हणतात की अंधारात, एका सिस्टरला हाताशी घेऊन, तेरा माणसांवर ते प्रथमच करणे ही जोखीम होती. दोन रुग्णांना पुढे पाठवण्याबाबत समितीतील एका सदस्याचे आजही वेगळे मत आहे. रस्ता बंद असल्याचे आम्हांला सकाळी कळले, पहाटे सव्वातीनला नव्हे, आणि त्या क्षणी रुग्णवाहिका काढून पाहायला हवी होती असे ते मानतात. मला ते पटत नाही, पण त्यांचा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही.

सर्वांत जास्त विचार मी अग्रशाळेतल्या त्या संध्याकाळचा केला आहे. थकलेल्या डॉक्टरला सभेत उत्तरे देण्यासाठी उभे करणे ही समितीची चूक होती. गोळीबद्दल बोलायला आमच्यापैकी एकाने, कागद हातात घेऊन, तासभर बसायला हवे होते : दिल्लीच्या सूचनेत काय आहे, काय नाही, आपण का वाटत नाही आहोत, आणि ज्यांनी घेतली आहे त्यांनीही रोज दोनदा ऑक्सिमीटर लावलाच पाहिजे. या शेवटच्या वाक्यासाठी गोळीवर एकमत होण्याची गरजच नव्हती. आम्ही मात्र ‘गोळी नाही’ आणि ‘ऑक्सिमीटर घ्या’ या दोन गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या, आणि ज्यांनी पहिली नाकारली त्यांनी दुसरीही नाकारली.

वरच्या वाड्यावरील गृहस्थ अत्यवस्थ असताना, १८ मेला, समितीचे अध्यक्ष आणि मी ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. कपाटातले दहा ऑक्सिमीटर बरोबर नेले होते. अध्यक्षांनी आधी क्षमा मागितली, सभेत जसे बोलणे झाले त्याबद्दल. ज्येष्ठ डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘गोळीबद्दल माझे मत बदललेले नाही. पण हे यंत्र तुम्ही मला पहिल्याच दिवशी का दिले नाही?’’ त्याच संध्याकाळी त्यांनी ते आपल्या रुग्णांच्या घरी पोहोचवले. मेअखेरपर्यंत वरच्या दोन वाड्यांवरून सहा माणसे आकडा ९४ च्या खाली गेल्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच रुग्णालयात आली. प्रत्येकाच्या हातात ज्येष्ठ डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, तिच्यावर तारीख, वेळ आणि ऑक्सिजनचा आकडा लिहिलेला होता.